मिरितीच्या छावणीतलं वाकडं वळण

तुमच्या मोरीतलं पाणी शेवटी कुठं जाऊन उघड्यावर पडतं, सांगता येईल तुम्हाला? नगरपालिकेचं नाव नकोय मला. जागा सांगा. नदी, ओहळ, कुणाचं वावर. आणि त्या जागी या घडीला पाण्यात हात घालून कोण बसलंय, त्याचं नाव सांगा.

नाही ना येत? मी हाच प्रश्न एका कर्नलला विचारलाय, एका बिशपला विचारलाय, राजधानीतून विमानानं आलेल्या तीन अधिकाऱ्यांना विचारलाय. कर्नल हसला, बिशपनं आशीर्वाद दिला आणि अधिकाऱ्यांनी माझंच नाव लिहून घेतलं. उत्तर एकाकडूनही आलं नाही. आमच्या गावात मात्र एक माणूस आहे, त्याला झोपेतून उठवून विचारलंत तरी तो सांगेल. कुठल्या चेंबरमधून पाणी कुठं वळतं, कुठं तुंबतं, कुठं गळतं आणि कुणाच्या पायाशी येऊन पडतं. तो माझा दाजी, प्रोतासिओ.

मिरिती गाव उआउपेस नदीवर. साव गाब्रिएल शहरापासून बोटीनं चार दिवस, पाणी उतरलं असेल तर सहा. गावाच्या डोक्यावर सैन्याची छावणी, तिच्यापलीकडं विमानाची धावपट्टी, तिच्यापलीकडं पांढऱ्या वाळूचं रान आणि मग कोलंबिया. छावणीत सत्तर-ऐंशी जवान. त्यातले निम्मे आमचीच पोरं. साहेब तेवढे दुरून येतात, दोन वर्षं डास मारतात आणि बढती घेऊन जातात.

प्रोतासिओ माझ्या आत्याचा मुलगा. आमच्याकडं बापाची भाषा ती आपली भाषा, आणि आपल्या भाषेतली मुलगी करायची नसते. म्हणून मामाची मुलगी आत्याच्या घरात सून होऊन जावी, याइतकं सरळ लग्न दुसरं नाही. माझी थोरली बहीण एर्सीलिया तशी गेली. दोन वर्षांनी मलाही त्याच गावात दिली. आणखी एक सांगून ठेवते, पुढं लागेल. आपल्या भाषेबाहेरचा जो भेटेल तो आमचा मेव्हणा. व्यापारी मेव्हणा, पाद्री मेव्हणा, विमानाचा पायलट मेव्हणा. मेव्हण्याची थट्टा करता येते, त्याच्याकडं हवं ते मागता येतं, आणि मेव्हण्यानं कामाला हाक मारली तर नाही म्हणता येत नाही.

छावणी बांधायला घेतली तेव्हा प्रोतासिओ एकोणीस वर्षांचा होता. पहिल्याच भरतीत घेतला, हातात कुदळ दिली. नोकरीची मुदत संपली, बाकीची पोरं घरी गेली; हा मात्र छावणीचा नळवाला म्हणून राहिला तो राहिलाच. पस्तीस वर्षं. सैन्य त्याला दर दोन वर्षांनी बूट द्यायचं आणि तो ते खुंटीला टांगून ठेवायचा. म्हणायचा, बुटात गेलो की मी आंधळा. जमिनीखालचा नळ तो पायांनी शोधायचा. गळती असेल तिथली माती तळव्याला गार लागते म्हणे. पानं तोडणाऱ्या मुंग्याही त्याच्या कामाच्या. एकदा खणून बुजवलेली भुसभुशीत माती त्यांना फार आवडते, म्हणून वारुळांची रांग दिसली की तो ओळखायचा, खाली जुना चर आहे. छावणीकडं नकाशे होते, पण ते बघून कुणी खणायला गेलं तर हाती खडक लागायचा. नळ टाकले तेव्हा मुळं आडवी आली, दगड आडवे आले, लोक बगल देत गेले आणि कागद तसाच सरळ राहिला.

मध्ये एकदा याच्या डोक्यात आलं की नळातल्या पाण्याचा आवाज ऐकावा. म्हणून रानातून ताडाचं पोकळ खोड आणलं, पुरुषभर लांब, एक टोक जमिनीला लावलं, दुसऱ्याला कान. आता त्याच ताडाची आमची ती वाद्यं होतात, जी बायकांनी बघायची नसतात. त्यांच्याविषयी इथं जास्त लिहिणार नाही. मी कितीही भांडखोर असले तरी काही गोष्टींत तोंड मिटून घेते. तर हा शहाणा भर सकाळी ते खांद्यावर टाकून गावातून निघाला. जी बाई दिसेल ती किंचाळून घरात. मी स्वतः कोंबड्यांच्या खुराड्यामागं आडवी पडले होते. म्हाताऱ्यांनी त्याला दोन तास झापला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते खोड निळ्या रंगानं रंगवलं, छावणीच्या प्लॅस्टिकच्या पाइपांसारखं, आणि प्रत्येक दारात जाऊन दाखवलं की बघा, हा पाइप आहे, घाबरू नका. एर्सीलिया आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण त्याचं खरं वैर होतं एका वळणाशी. छावणीचा पावसाच्या पाण्याचा जुना नळ गावाच्या ओहळात उतरायचा. सगळी वाट सरळ यायची, आणि शेवटच्या वीस पावलांत एकदम डावीकडं मोडायची, कोपर दुमडावं तशी. तिथं दर पुराला गाळ बसायचा, पालापाचोळा अडकायचा, एकदा तर अख्खं कासव अडकलं होतं. कमरेएवढ्या चिखलात उतरून प्रोतासिओ ते वळण उपसायचा आणि संध्याकाळी जेवताना सार्जंट नेपोमुसेनोचा उद्धार करायचा. हा सार्जंट म्हणजे पहिल्या वर्षी ज्यानं चराच्या खुंट्या ठोकल्या तो. कधीच बदली होऊन गेलेला. कुठल्या दारूच्या तारेत त्यानं ते वळण काढलं असेल, त्याची आई काय खाऊन त्याला व्याली असेल, सगळं व्हायचं. एर्सीलिया त्याच्या ताटलीत माशाचा तिखट रस्सा वाढायची, कसाव्याची भाकरी मोडून द्यायची आणि चकार शब्द बोलायची नाही. तीस वर्षं मी ते बघितलं. मला वाटायचं, सोशिक आहे माझी बहीण.

ओहळाबद्दलही सांगायला हवं. आमचा कडू कसाव्याचा कंद विषारी असतो. तो तीन दिवस वाहत्या पाण्यात भिजत घालायचा, मग सोलून, किसून, वेताच्या लांब पिळणीत पिळून, भाजून त्याची भरड करायची. भरड नसेल तर आमचं जेवण नाही. गावातल्या प्रत्येक बाईची ओहळात आपली जागा आहे. आईकडून नाही तर सासूकडून आलेली. एर्सीलियाची जागा आत्याची. तिच्या वर वीस पावलांवर ओदेतची, खाली माझी. कपाळाला पट्टा लावून पाठीवर टोपली घेऊन आम्ही तिथं उतरतो. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, पाद्रीबद्दल जे काही बोलायचं ते तिथं बोलतो. पावसाचं पाणी नळातून येऊन पडायचं त्याची कुणाला तक्रार नव्हती. ते पावसाचं होतं.

तीन वर्षांपूर्वी लेफ्टनंट ग्लाउको आला. दक्षिणेचा, गोरा, इंजिनिअर. उन्हानं त्याचं नाक टोमॅटोसारखं व्हायचं. त्याच्यासोबत पिवळं खणायचं यंत्र आणि दोन तराफे भरून पाइप आले. धबधब्यापाशी सगळं उतरवून कच्च्या रस्त्यानं ओढून परत चढवावं लागलं, त्यातच महिना गेला. छावणीतलं जमिनीखालचं सगळं नवं करायचं होतं. पिण्याचं पाणी, विजेच्या तारा, टेलिफोन, पावसाचे नळ. आणि जुने शोषखड्डे बुजवून सगळ्या संडासांचं मैलापाणी एका मोठ्या नळात.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या यंत्रानं विजेची मुख्य तार तोडली. नकाशात ती दहा हात बाजूला होती. छावणीचं मांस फ्रीजमध्ये सडलं. प्रोतासिओ पुढच्या तारेवर अनवाणी चालत गेला आणि दर पाच पावलांवर एक काठी रोवली. लेफ्टनंटनं हातानं खणून बघितलं. तार काठीखाली. त्या दिवसापासून तो आमच्या दाजीच्या मागं मागं फिरायला लागला, वहीत लिहून घ्यायला लागला, आणि दोन आठवड्यांनी स्वतःचे बूट काढून बघितले. मुंग्या चावल्या तेव्हा प्रोतासिओ म्हणाला, "मेव्हणे, त्या ओळख विचारतायत." लेफ्टनंटला ते मेव्हणे प्रकरण आवडलं. आमच्यात मेव्हणा म्हणवून घेतलं की काय काय गळ्यात पडतं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या नळाचा आराखडा मी पाहिला तो भरड विकायला छावणीच्या स्वयंपाकघरात गेले तेव्हा. भिंतीवर लावला होता. मला कागद वाचता येतात. शाळेनं नाही शिकवलं, मी मिशनच्या रद्दीवर शिकले. मैलापाण्याचा लाल नळ तीन टाक्यांतून जायचा, मग जुन्या पावसाच्या नळाच्या वाटेनं, त्याच वळणानं, एका निळ्या रेघेत उतरायचा. निळी रेघ म्हणजे ओहळ. तिला नाव नव्हतं. बाजूला नुसतं लिहिलं होतं, 'निचरा'.

मी तिथंच टोपली खाली ठेवली आणि लेफ्टनंटला बोलावून आणायला लावलं. काय काय बोलले ते सगळं इथं छापत नाही. मुद्दा एवढाच होता की तुझे जवान ज्या पाण्यात जातील, त्याच पाण्यात मी कसावा भिजवेन, आणि त्याची भरड तूच ताटात घेशील. तो भला माणूस होता, ऐकून लाल झाला. पण म्हणाला की टाक्यांतून पाणी बरंच साफ होऊन निघेल, आराखडा वरून सही होऊन आलाय, आणि बदल मागितला तर दोन वर्षं काम बंद पडेल. मग त्यानं ते सांगितलं, जे तो पुढं महिनाभर सांगत राहिला. जुनी वाट सैन्याच्या माणसांनी विचार करून आखलेली असणार. उतार बघून, माती बघून. "ते वळणच बघा ना," तो म्हणाला. "पाण्याचा वेग मोडायला टाकलंय. ज्यानं टाकलं त्याला विषय कळत होता."

प्रोतासिओ दारात उभा होता, हातात पहार. मी त्याच्याकडं बघितलं. म्हटलं आता हा वळणाचं खरं काय ते सांगेल, गाळाचं सांगेल, कासवाचं सांगेल. तो जमिनीकडं बघत राहिला.

मी अर्ज केले. सह्या घेतल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. रेडिओवर रोज सकाळी साव गाब्रिएलच्या आमच्या संघटनेला ओरडून सांगितलं. रेडिओवर दुसऱ्या गावांनीही ऐकलं आणि हळहळ पाठवली. हळहळीनं चर बुजत नाही. चर रोज पुढं सरकत होता, आणि तो खणत होता माझा दाजी. एका दुपारी मी चराच्या काठावर उभी राहून त्याला नको ते बोलले. म्हणाले, दोन वर्षांवर पेन्शन आलीय म्हणून बायकोच्या कसाव्यात घाण सोडतोस. चार पोरं पोसली त्या ओहळानं. त्यानं फावडं थांबवलं. रागावला नाही. वर बघून हळूच विचारलं, "मेव्हणीबाई, सरकारी खुंटी हलवली तर शिक्षा किती होते?"

माझ्या अंगात वीज शिरली. मला वाटलं, आला मार्गावर. आता हा रात्रीतून आखणी बिघडवणार. शिक्षा किती ते मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही. मी म्हणाले, सहा महिने तरी, आणि सीमेवरची छावणी म्हटल्यावर जास्तच, पण आपण लढू. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. तो परत खणायला लागला आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. ते सहा महिने मी माझ्या खिशातून काढून दिले होते. त्याची लाज मला अजून वाटते. इथं लिहिली, झालं.

चर त्या वळणापाशी आला. सोमवारी पाइप बसवायचे ठरले. रविवारी सकाळी आमच्याकडं सगळं गाव समाजघरात एकत्र जेवतं. ज्याच्या त्याच्या घरचा रस्सा, भाकरी, धुरावलेला मासा मधोमध ठेवायचा, आणि खाऊन झालं की ज्याला गावाशी काही बोलायचं असेल त्यानं उठायचं. त्या रविवारी लेफ्टनंटही आला होता, प्रोतासिओनंच बोलावला होता. मी भाषण तयार करून बसले होते. उठणार, तेवढ्यात दाजीनं हात दाखवून मला खाली बसवलं. हे याआधी कधी झालं नव्हतं.

तो उभा राहिला. खिशातून एक जुनी लाकडी खुंटी काढली, काळी पडलेली, आणि टेबलावर लेफ्टनंटपुढं ठेवली.

म्हणाला, ही सार्जंट नेपोमुसेनोची. हिच्या बहिणी चाळीस होत्या. सार्जंटनं त्या धावपट्टीकडं ठोकल्या होत्या, पांढऱ्या वाळूच्या रानाकडं, जिथं पाणी ओतलं की जिरतं. ओहळाकडं नव्हत्याच. मग सार्जंटला हिवताप आला, तो आठ दिवस झुल्यात कुडकुडत पडला. "त्या आठ दिवसांत खुंट्या मी हलवल्या. सगळ्या. दुपारी, लोक झोपलेले असताना."

लेफ्टनंटनं विचारलं, का?

प्रोतासिओ बावन्न वर्षांचा, चार पोरांचा बाप, दोन नातवांचा आजोबा. कान लाल झाले त्याचे. तो म्हणाला की तेव्हा मामाच्या दोन मुली आईकडं राहायला आल्या होत्या, कसाव्याच्या कामाला. थोरली रोज ओहळावर बसायची. छावणीतून बाहेर सोडत नव्हते. पण चर खणायला तर सोडणारच. चर ओहळाकडं नेला, तर रोज तीन हात तिच्याजवळ जाता येत होतं.

मग कोपऱ्यातून म्हातारी ओदेत खुदकन हसली, आणि ते पसरत गेलं. लेफ्टनंट मात्र हसला नाही. तो खुंटी हातात फिरवत होता. म्हणाला, "पण वळण? वळण तर हुशारीनं काढलंय."

"वळण माझं नाही," प्रोतासिओ म्हणाला. "मी सरळ आणल्या होत्या. एका सकाळी बघतो तर शेवटच्या सहा खुंट्या डावीकडं. माझी तर गाळण उडाली. म्हटलं, सार्जंटला कळलंय. तापातून उठून आला, माझं काम बघितलं, आणि शिक्षा द्यायच्या ऐवजी गुपचूप दुरुस्ती करून गेला. मग मी कुणाला विचारणार? तसाच खणला. तेहतीस वर्षं त्याला शिव्या देतोय, पण मनातून उपकारही मानतोय."

तेव्हा माझी बहीण उठली. तिच्या हातात ताटल्यांचा ढीग होता, तो तिनं खाली ठेवला नाही.

"सार्जंट कुठला," एर्सीलिया म्हणाली. "तुमचा चर सरळ ओदेतच्या दगडाशी चालला होता. ओदेतचे दात चांगले होते तेव्हा. मी म्हटलं, हा गाढव खणत खणत तिच्या मांडीवर जाऊन पडेल. म्हणून सहा खुंट्या मी उपटल्या, आणि माझ्याकडं वळवल्या."

मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्यात, तशी सभा पाहिली नाही. ओदेत डोळे पुसत होती आणि म्हणत होती, मला कुणीतरी तेव्हाच सांगायचं होतं. पोरं जमिनीवर लोळत होती. प्रोतासिओ नुसता बायकोकडं बघत होता. एवढं उपसलेलं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जात असणार. पूर, चिखल, कासव. शेवटी म्हणाला, "आणि मी रोज जेवताना बोलायचो, तेव्हा तू रस्सा वाढत होतीस."

"मग काय करणार होते," ती म्हणाली. "शिव्या मला नव्हत्या."

सगळ्यांचं हसून झालं तरी लेफ्टनंट तसाच बसलेला. मला कळलं, तो वेगळंच मोजतोय. ती सैन्यानं विचारपूर्वक आखलेली वाट, ज्यावर आराखडा उभा होता, ती दोन पोरांची लबाडी निघाली होती. त्यानं प्रोतासिओला बाहेर नेलं, मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं विचारलं, मूळ खुंट्या कुठून जात होत्या ते आठवतं का? प्रोतासिओ अनवाणी चालायला लागला. धावपट्टीच्या अलीकडं जांभ्याचा लाल पट्टा आहे, तो ओलांडून थेट वाळूच्या रानात जाऊन थांबला. कमरेची पाण्याची बाटली ओतली. पाणी जिथं पडलं तिथंच नाहीसं झालं.

लेफ्टनंटनं दोन दिवस पाणसळ लावून मोजलं. उतार बरोबर होता. आराखड्यानं धरलेली जुनी वाट चुकीची निघाली तर जागेवर बदल करायचा अधिकार त्याला होता. एकच अट, सामान आराखड्यातलंच पुरलं पाहिजे आणि काम मुदतीत. पाइप पुरत होते. अडत होता तो जांभा. यंत्राचा दात त्यावर पहिल्याच घावाला तुटला, नवा यायला दोन महिने. हातानं फोडायचा तर त्याच्याकडं माणसं नव्हती.

त्यावर प्रोतासिओ म्हणाला, "मेव्हणे, माणसं माझ्याकडं आहेत. पण इर्जिक मला घालता येणार नाही. ती माझ्या बायकोनं घालायची."

इर्जिक, म्हणजे मजुरी न देता गावोगावची माणसं हाकारून काम उरकणं, बाईच्या हातात असते, कारण कशिरी बाई करते. कसाव्याची आंबवलेली दारू, जाडसर, आंबटगोड. जो तुमची कशिरी प्यायला त्यानं तुमचं काम संपेपर्यंत हलायचं नाही, आणि तुमचं पिंप संपेपर्यंतही. एर्सीलियानं तीन पिंपं भरली. ओहळावरच्या प्रत्येक बाईनं आपला भिजलेला कसावा दिला, ओदेतनं सगळ्यात जास्त. गुरुवारी सकाळी वरच्या तीन गावांतून होड्या आल्या. सत्तर पुरुष, तेवढ्याच बायका, पहारी, कुदळी, घमेली. इर्जिकीत कुणी हुकूम देत नाही. यजमान पहिली कुदळ मारतो, बाकीचे त्याच्यामागून. पहिली कुदळ एर्सीलियानं मारली.

लेफ्टनंट नकाशा घेऊन काठावर उभा होता. प्रोतासिओनं तुंब्याची कवटी भरून त्याच्या हातात दिली. बिचारा एका घोटात प्यायला, तोंड वाकडं केलं, म्हणाला छान आहे. सगळे त्याच्याकडं बघत उभे राहिले. त्याला कळेना काय झालं. "मेव्हण्याची कशिरी प्यायलात," मी म्हटलं. "आता पहार घ्या." त्यानं घेतली. दुपारपर्यंत हाताला फोड आले, तरी सोडली नाही. ते मी कबूल करते, आणि मी सहजासहजी कबूल करणाऱ्यांतली नाही. जांभा अडीच दिवसांत फुटला. शनिवारी पिंपं संपली.

राहिली शिक्षा. सहा महिन्यांच्या भीतीनं प्रोतासिओनं घरी कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. छावणीच्या कप्तानानं त्याला बोलावलं. मीही गेले, कायद्याचं पुस्तक घेऊन, आणि खिडकीखाली उभी राहिले. कप्तान म्हणाला, गुन्हा भरती झालेल्या पोरानं केलाय, तेव्हा शिक्षाही पोराचीच मिळेल. तीन दिवस स्वयंपाकघरात भांडी घासायची. प्रोतासिओनं सलाम ठोकला. तिन्ही दिवस बूट घालून गेला, आयुष्यात पहिल्यांदा. एर्सीलिया तिसऱ्या दिवशी आत शिरली आणि त्याच्या शेजारी कढया घासायला बसली. शिपायानं हटकलं, तर म्हणाली की सहा खुंट्या माझ्याही आहेत.

लेफ्टनंटनं अहवालात लिहिलं ते वाक्य मी पाठ केलंय. 'मूळ आखणी स्थानिक कारणांमुळे बदललेली आढळली, ती पूर्ववत केली.' स्थानिक कारण आजही रोज सकाळी टोपली घेऊन ओहळावर उतरतं. जुना नळ वरून बंद केलाय. वळण काढायचं का, असं विचारलं होतं त्यांनी. प्रोतासिओ म्हणाला, राहू द्या. वरून पाणी येत नसल्यामुळं आता त्यात गाळ बसत नाही. ओहळाचं पाणी तेवढं आत शिरतं, त्यात एक म्हातारा मासा राहतो, आणि दाजी त्याला भरड टाकतो. पेन्शन त्याला मागच्या वर्षी मिळाली. तरी छावणीत काही तुंबलं की पोरं त्यालाच बोलवायला येतात. नवे नकाशे बरोबर आहेत म्हणतात. तो म्हणतो, असतील, आणि पायानं बघून येतो.

त्या नव्या नकाशावरही मी नजर टाकली. निळी रेघ आहे, 'निचरा' खोडलाय, पण नाव कुणी लिहिलं नव्हतं. मीच पेन काढून लिहिलं. एर्सीलिया, ओदेत, माझं, आणि खाली अठ्ठावीस जणींची, बारीक अक्षरात, जागा संपेपर्यंत.

आता माझं एवढं ऐका. पहिल्या ओळीतल्या प्रश्नाचं उत्तर मला देऊ नका. उजेड आहे तोवर घराबाहेर पडा, तुमच्या मोरीच्या पाण्यामागं चालत जा, नळ संपेल तिथपर्यंत. तिथं कुणी हात घालून बसलेलं दिसलं तर शेजारी बसा, आणि नाव विचारून या.